शुक्रवारची शाई

आमच्या घरात भाजीची यादीसुद्धा थेट शाईनं लिहिता येत नाही. आधी ती पेन्सिलनं लिहायची, मग सर्वांसमक्ष मोठ्यानं वाचायची, मग बाबा चष्म्यावरून एकेकाकडे बघून विचारणार, "हरकत?" आणि सर्वांनी, म्हणजे मी आणि आईनं, "हरकत नाही" असं म्हटलं की मगच ते पेनाचं टोपण काढणार. एवढं होईपर्यंत बाजारातली बरी भाजी संपलेली असते. आई "हरकत नाही" हे शब्द अशा आवाजात म्हणते, की ऐकणाऱ्याला त्यात हरकतीशिवाय दुसरं काही ऐकू येऊ नये. बाबांना मात्र शब्द तेवढे पुरतात. आवाजाचा रकाना त्यांच्या वहीत नाही.

बाबा नौदलात कारकून होते. नौदल म्हटलं की लोकांना तोफा आठवतात, वादळं आठवतात. बाबांना रकाने आठवतात. सव्वीस वर्षं त्यांनी बोटींवर खलाशांचं रजिस्टर लिहिलं. कोण आला, कोण गेला, कोणाला ताप, कोणाला बढती, कोणाच्या बाहीवर कोणता बिल्ला. निवृत्त झाले तेव्हा बोट सुटली, रजिस्टर सुटलं, पण खोड सुटली नाही, आणि मग त्यांच्या तावडीत सापडलो आम्ही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. छत्र्यांना नंबर आले. आईचा हुद्दा 'भांडारप्रमुख' झाला, माझा 'टंकलेखक, दुसरा वर्ग'. पहिल्या वर्गाचं कोण, असं मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाले, "पद रिक्त आहे."

टंकलेखक मी खरोखरच आहे. आमच्या घराखालच्या रस्त्यावर माझं टायपिंग आणि छपाईचं छोटं दुकान आहे. दिवसभर मी लोकांचे भाडेकरार, रजेचे अर्ज आणि कोणाच्या तरी वकिलाला पाठवायची खरमरीत पत्रं टाइप करते. संध्याकाळी शटर ओढून वर यायचं आणि पाय पसरायचे, एवढीच माझी अपेक्षा असते. गेल्या वर्षी तीही संपली, कारण बाबांनी पुस्तक लिहायला घेतलं.

झालं असं, की नौदलाच्या प्रशिक्षण शाळेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. शाळेच्या प्रमुखांचं बाबांना पत्र आलं: नौदलात आजवर खलाशांचे जे जे ट्रेड होऊन गेले त्यांचा इतिहास कोणीतरी लिहून द्यावा, आणि हे काम तुमच्याइतकं नीट कोणी करील असं वाटत नाही. ट्रेड म्हणजे खलाशाचं काम आणि त्या कामाचं ठरलेलं नाव. अधिकारी सोडले तर बोटीवरच्या प्रत्येक माणसाला एक ट्रेड असतो, त्याचा बिल्ला बाहीवर शिवलेला असतो, आणि बोटीला आग लागली तर त्यानं कुठे जाऊन उभं राहायचं हेही ट्रेडवरूनच ठरतं. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतेय. आमच्या घरातलं सगळं दुखणं तिच्यातच आहे.

पत्र वाचून बाबांचे पाय जमिनीवर ठरेनात. जेवणाच्या टेबलावर चारशे कार्डं मांडली गेली आणि त्यांना हात लावायला बंदी झाली. अकरा महिने आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन जेवलो. आईच्या पातळ आमटीचा एक थेंब 'तोफवाले' या कार्डावर पडला, तर बाबांनी त्या थेंबाची तारीख कार्डाच्या मागे लिहिली. पेन्सिलनं.

खरं सांगायचं तर मजकूर चांगला होता. टाइप करताना माझं मन रमायचं, हे मी बाबांना कळू दिलं नाही इतकंच. पहिल्या वहीत शिडं शिवणारे होते. लाकडी बोटी गेल्या, वाफेच्या आल्या, शिडं उरली नाहीत. पण शीडवाल्यांना घरी पाठवायचा धीर कोणाला होईना, म्हणून तीस वर्षं ते ताडपत्र्या आणि झोपायच्या झोळ्या शिवत राहिले. मग एक दिवस कागद आला आणि ते 'सामानरक्षक' झाले. पिंपं बांधणारे होते. पाणी लोखंडी टाक्यांत गेलं तसे ते सुतारांत गेले. कोळसेवाले बॉयलरवाले झाले, बॉयलरवाले इंजिनवाले झाले, आणि तिन्ही नावांत हात तेवढेच काळे राहिले. बिनतारी यंत्र नव्हतं तेव्हा निरोप न्यायला बोटीवर कबुतरं असायची आणि त्यांचा एक कबुतरवाला असायचा. यंत्र आलं, कबुतरं गेली, आणि कबुतरवाल्यांना नेऊन बिनतारीच्या खोलीत बसवलं. त्यांच्यातला एक जण म्हणे निवृत्त होईपर्यंत खिशात दाणे ठेवायचा.

ट्रेडचं नाव बदललं की खलाशी आपल्या हातानं बाहीवरचा जुना बिल्ला उसवायचे आणि नवा शिवायचे. बाबांनी लिहिलं होतं, "उसवलेल्या जागेवर कापड गडद राहते. ऊन त्याला लागलेले नसते. या डागाची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही." हे वाक्य टाइप करून मी जरा थांबले. आमच्या बाबांना असंही सुचतं? मग आतून आवाज आला, "टंकलेखक, थांबलात का?" आणि माझा सगळा गहिवर जागच्या जागी आटला.

त्या अख्ख्या पुस्तकात, चौदा वह्यांत, एक ट्रेड मात्र नव्हता. निशाणवाले.

माझा मामा निशाणवाला होता. दिवसा झेंडे हलवून आणि कमी उजेडात दिव्याचं झाकण उघडझाप करून एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर निरोप पाठवायचा, हे निशाणवाल्याचं काम. मामाला मी पाहिलेलं नाही. बैठकीच्या खोलीत त्याचा फोटो आहे, त्यात तो कोणावर तरी हसू दाबल्यासारखा उभा आहे. आईचा तो मोठा भाऊ, तिचा दादा. तो आणि बाबा एकाच बोटीवर होते, एकाच्या वरच्या फळीवर दुसरा झोपायचा. सेहेचाळीस वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी, दाट धुक्यात, त्या बोटीच्या इंजिनखोलीत आग लागली. वीज गेली, त्याबरोबर बिनतारी यंत्रही बंद पडलं. मामा बॅटरीवरचा हातदिवा घेऊन वरच्या डेकवर गेला आणि धुक्यात दिवा दाखवत राहिला. तो दिवा बघून दुसरी बोट आली. सत्तावन्न माणसं वाचली. मामासकट सहा गेली.

नंतर चौकशी झाली. रजिस्टरात मामाच्या नावापुढे 'बिनतारीवाला' असं लिहिलेलं होतं, कारण निशाणवाल्यांचा ट्रेड त्याच सुमारास रद्द होऊन बिनतारीवाल्यांत मिसळला होता. बिनतारीवाल्याची आगीतली जागा खाली, बिनतारीच्या खोलीत. ती खोली रिकामी सापडली. दुसऱ्या बोटीच्या वहीत 'दिव्याचा इशारा दिसला' एवढंच होतं. दिवा कोणाच्या हातात होता हे धुक्यातून दिसत नाही. वाचलेल्यांपैकी दोघांनी सांगितलं की तो वर होता, तर तेच त्याच्यावर उलटलं. वर होता म्हणजे खाली नव्हता.

आजीला वाचता येत नव्हतं. चौकशीचं पत्र आलं तेव्हा एकोणीस वर्षांच्या आईनं ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं: "आगीच्या वेळी नेमून दिलेल्या जागी हजर नव्हता." आजी त्यानंतर आठ वर्षं जगली आणि आठ वर्षं एकच विचारत राहिली, की माझा मुलगा घाबरून पळाला होता का. प्रशिक्षण शाळेच्या सभागृहात, कामावर असताना जीव गेलेल्या खलाशांच्या नावांची पाटी आहे. त्या आगीतली पाच नावं तिच्यावर आहेत. मामाचं नाही.

आता शंभराव्या वर्षाला नवी, दगडी पाटी बसणार होती. एकदा दगडात कोरलं की कोणी पुन्हा हात लावणार नाही, हे आईला चांगलंच कळत होतं. तिनं बाबांच्या मागे लकडा लावला.

"अहो, त्यांचं पुस्तक लिहिताय ना? मग दादाच्या नावाचं बघा की."

"अर्ज केलेला आहे," बाबा कार्डांतून मान वर न करता म्हणायचे.

"हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"कामं चालू असतात. एका दिवसात होत नाहीत."

"एका दिवसात नको. माझ्या हयातीत चालेल."

मी जन्मल्यापासून हे संभाषण असंच ऐकत आलेय. अर्ज केलेला आहे. नौदलाचा कागद आहे, हलायला वेळ लागतो. जगभरच्या रजिस्टरांतल्या चुका काढणारा हा माणूस, शेजाऱ्यांच्या वीजबिलावरचं चुकलेलं नाव दुरुस्त व्हावं म्हणून तीन चकरा मारणारा, आणि सख्ख्या मेहुण्याच्या एका ओळीपाशी याचं घोडं अडतं! मला याचा इतका संताप यायचा, की मी टाइप करताना की-बोर्ड बडवायचे.

पुस्तक द्यायला बारा दिवस उरले तेव्हा मी त्यांना धारेवरच धरलं. "बाबा, निशाणवाले कुठे आहेत?"

"देतो."

"सगळे झाले. न्हावी झाले, बिगूलवाले झाले, कबुतरंसुद्धा झाली."

"त्यांची कार्डं तपासायची आहेत अजून."

"कुठे आहेत ती? मी तपासते."

"तुझा वर्ग दुसरा," बाबा म्हणाले आणि फिरायला निघून गेले.

मग मी त्यांचं कपाट उघडलं. न विचारता उघडलं, आणि त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही. खालच्या खणात पुठ्ठ्याच्या फाइलीत निशाणवाल्यांची कार्डं नव्हती. अर्ज होते. सगळे शाळेच्या आणि नोंदणी कार्यालयाच्या नावानं, सगळे मामाबद्दल. मी मोजले: सेहेचाळीस. दर वर्षी एक. सगळे पेन्सिलनं लिहिलेले. शाईतला एकही नव्हता. म्हणजे त्यातला एकही गेलेला नव्हता.

मी सगळ्यात वरचा वाचला. त्यात होतं ते असं. ट्रेड बदलाचा कोणताही हुकूम बोटीवर आला, की कारकुनानं तो रजिस्टरात आधी पेन्सिलनं लिहायचा. येत्या रविवारच्या हजेरीला सगळ्या खलाशांसमोर मोठ्यानं वाचायचा, हरकत आहे का विचारायचं, आणि मगच शाईनं पक्का करायचा. शाई होईपर्यंत माणूस जुन्याच ट्रेडचा. निशाणवाले रद्द झाल्याचा हुकूम टपालाच्या थैलीतून गुरुवारी आला. शुक्रवारी दुपारी कारकुनाला रिकामा वेळ होता, दौत नुकतीच भरलेली होती, अक्षराचं सगळे कौतुक करायचे. त्यानं रविवारची वाट न बघता पाचही निशाणवाल्यांच्या नावांपुढे शाईनं 'बिनतारीवाला' लिहून टाकलं आणि तारीख हुकुमावरची घातली. शनिवारी आग लागली. म्हणजे शनिवारी मामा निशाणवालाच होता, आणि निशाणवाल्याची आगीतली जागा वरचा डेक. तो जिथे असायला हवा होता तिथेच होता.

तो कारकून म्हणजे आमचे बाबा.

मी खाली दुकानात जाऊन बसले. दोन गिऱ्हाइकांवर उगाच खेकसले. संध्याकाळी बाबा काचेबाहेर उभे दिसले. त्यांना खण उघडा सापडला असणार. आमच्याकडे खण कुठवर बंद करायचा याचीही खूण आहे.

ते आत आले आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी माझ्या टेबलावरच्या टाचण्या एका दिशेनं लावल्या.

"चौकशीत विचारलं नाही का कोणी?" मी म्हटलं.

"विचारलं. आगीतून रजिस्टर मीच बाहेर काढलं होतं, पोटाशी धरून. साहेबांनी पान उघडलं. म्हणाले, ही नोंद तुझ्या हातची? म्हटलं, हो साहेब. म्हणाले, बरोबर आहे?"

"आणि?"

"म्हटलं, हो साहेब."

"का?"

"वाचून दाखवायच्या आधी शाई करणं हा गुन्हा होता. माझी बढती पंधरा दिवसांवर होती. तेवीस वर्षांचा होतो मी." त्यांनी एक टाचणी उचलली, पुन्हा ठेवली. "मला वाटलं, हा एक रकाना आहे. एका रकान्यानं काय होतंय. त्यातून असं पत्र निघेल हे मला माहीत नव्हतं."

"निघाल्यावर तर कळलं ना?"

"कळलं तेव्हा त्याची ट्रंक पोचवायला तुझ्या आजीकडे गेलो होतो. ते सांगायलाच गेलो होतो. दार तुझ्या आईनं उघडलं."

मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचाच राग आला. इतकी वर्षं आईला "अर्ज केलेला आहे" म्हणून झुलवत ठेवलं! भाजीच्या यादीपासून छत्रीपर्यंत सगळं वाचून दाखवणाऱ्या माणसाला हा एक कागद वाचून दाखवता आला नाही, आणि वाचला नाही म्हणून शाई नाही, आणि शाई नाही म्हणून टपाल नाही. नियम पाळून पाळून माणूस किती खोटं वागू शकतो, हे मी माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसलेलं बघत होते.

"तू टाइप कर," बाबा हळूच म्हणाले. "मी सही करतो. इथूनच पाठवून देऊ."

"आणि उत्तर कोणाच्या नावावर येईल? मामाचं जवळचं माणूस कोण जिवंत आहे आता?"

बाबांचा हात पुन्हा टाचण्यांकडे गेला.

"आईला तुमच्या गुन्ह्याची बातमी टपालवाल्याकडून कळायची का? उठा. पेन्सिलनं लिहिलंय ना? मग वाचा. घरी, सर्वांसमक्ष. नियम तुमचाच आहे."

आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. बाबा दारात उभे राहिले. हजेरीला उभे राहतात तसे, टाचा जुळवून. एरवी मला त्याचं हसू येतं. त्यांनी अर्ज वाचायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी आई सोलतच होती, तिला वाटलं पुस्तकातलंच काही तरी असणार. 'शुक्रवारी दुपारी' पाशी तिची सुरी थांबली. पुढचं सगळं तिनं बटाट्याकडे बघत ऐकलं. शेवटचं वाक्य होतं: "सबब, कारकुनाच्या नजरचुकीमुळे सदर खलाशाच्या नावास लागलेला कलंक दूर करून त्याचे नाव पाटीवर घ्यावे, ही विनंती."

वाचून झालं. सवयीनं म्हणा, भीतीनं म्हणा, बाबांच्या तोंडून निघून गेलं, "हरकत?"

"आहे," आई म्हणाली.

आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. बाबांना पुढे काय करायचं तेच कळेना. त्याची कार्यपद्धती त्यांनी कधी ठरवलेलीच नव्हती.

"नजरचूक शुक्रवारची," आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती. "चौकशी नंतर झाली. तेव्हा तुमची नजर चांगली शाबूत होती. नजरचूक खोडा."

"मग काय लिहू?"

"भीती लिहा. कारकुनाच्या भीतीमुळे. माझी आई आठ वर्षं विचारत होती, माझा मुलगा घाबरला होता का. घाबरलं कोण होतं ते एकदा कागदावर येऊ दे."

बाबांनी खिशातून खोडरबर काढलं. ते उभ्या उभ्या, भिंतीवर कागद टेकवून इतक्या जोरानं खोडू लागले, की कागद फाटला. मला दुकानातून नवा कोरा कागद आणावा लागला. दोन जिने उतरून वर येईपर्यंत दोघं तशीच होती, एक बसलेली, एक उभे, मधे बटाटे.

"मला मागणी घातलीत, ती कशासाठी?" आईनं विचारलं. "भरपाई म्हणून?"

"ट्रंक द्यायला एकदा आलो होतो," बाबा म्हणाले. "त्यानंतर नऊ वेळा आलो. त्या नऊ वेळा ट्रंक नव्हती."

"तेवढं मात्र मोजलंत."

त्या नऊ वेळांचं आईनं पुढे काय केलं, मनात ठेवलं की टाकून दिलं, मला सांगता येणार नाही. तिनं उरलेले बटाटे सोलले. बाबांनी नवा अर्ज आधी पेन्सिलनं लिहिला, पुन्हा वाचला, 'भीतीमुळे' या शब्दासकट. आई "हरकत नाही" म्हणाली नाही. ती म्हणाली, "पाठवा." बाबा पेनाचं टोपण हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिले. पाठवा, हे नियमात बसतं का, असा त्यांचा चेहरा होता. मी म्हटलं, "बाबा, आता लिहा, नाही तर मी ते पेन खिडकीतून खाली टाकीन." त्यांनी लिहिलं. सही केली. सकाळी टपालाची खिडकी उघडायच्या आधी अर्धा तास ते रांगेत होते, आणि रांगेत दुसरं कोणी नव्हतं.

त्यांच्या कपाटात निशाणवाल्यांची कार्डं शेवटी सापडली नाहीतच, कारण ती कधी लिहिलीच नव्हती. त्या आठवड्यात त्यांनी ती लिहिली. मी टाइप केली. झेंडे कसे धुवायचे, दिव्याच्या झाकणाला कोणतं तेल लावायचं, एका मिनिटात किती अक्षरं जायची, आणि मामा त्याहून चार अक्षरं जास्त पाठवायचा, सगळं त्यात आलं. शेवटी ट्रेड रद्द झाल्याची तारीख. त्यांनी रविवारची घातली, आगीच्या दुसऱ्या दिवसाची. त्या रविवारी वाचून दाखवायला बोट उरलेली नव्हती, पण नियमाप्रमाणे तारीख तीच.

आई बाबांशी त्या दिवसापासून बोललीच नाही. म्हणजे माझ्यामार्फत बोलली. "यांना सांग जेवायला बसायला." "आईला विचार, मीठ कुठे आहे." मीठ कुठे आहे ते डब्यावर लिहिलेलं होतं. दोन्हीकडचा निरोप पोचवता पोचवता माझ्या नाकी नऊ आले. कबुतरांचा ट्रेड रद्द झाला असं लिहिणाऱ्याला मी घरात कबुतर होऊन दाखवत होते.

सहाव्या आठवड्यात उत्तर आलं. आईच्या नावानं. मामाच्या नोंदीतली ओळ रद्द झाली होती, 'आपल्या जागी हजर' अशी नवी ओळ घातली होती, आणि नाव नव्या पाटीवर जाणार होतं. त्याच पत्रात खाली, बाबांच्या सेवापुस्तकात 'चौकशीत असत्य उत्तर' असा शेरा मारण्यात आल्याचं कळवलं होतं. ट्रेडचा इतिहास शाळा छापणार होती, लेखकाच्या नावाशिवाय. समारंभाचं निमंत्रण एकाच व्यक्तीचं होतं, मृताची बहीण म्हणून आईचं.

अकरा महिने मांडीवर ताटल्या घेऊन जेवलेल्या माणसांना याचा राग येणार नाही तर काय? मी शाळेच्या प्रमुखांना खरमरीत पत्र लिहायला बसले. बाबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "शेरा बरोबर आहे," ते म्हणाले. "रकानाही बरोबर आहे."

समारंभाच्या सकाळी आई तयार झाली, चपला घातल्या, आणि दारात उभी राहून सेहेचाळीस दिवसांनंतर पहिल्यांदा थेट बाबांना म्हणाली, "अहो, चला. माझी पिशवी कोण धरणार?"

"निमंत्रणात माझं नाव नाही."

"पिशवीचंही नाही."

आम्ही तिघं गेलो. दारावरच्या माणसानं बाबांना अडवलं, तर आई त्याला म्हणाली, "हे माझ्याबरोबर आहेत," आणि तिनं त्याच्याकडे असं काही बघितलं की तो बाजूला झाला. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. लोक चहाकडे गेले तेव्हा आम्ही पाटीपाशी गेलो. नावं ट्रेडप्रमाणे लावलेली होती. निशाणवाले या मथळ्याखाली त्या आगीतलं एकच नाव होतं, नुकतं कोरलेलं, इतरांपेक्षा पांढरं.

बाबांनी पिशवी खाली ठेवली. टाचा जुळवल्या. आजूबाजूची माणसं वळून बघतील याची मला लाज वाटत होती, पण या वेळी मी काही बोलले नाही. त्यांनी मामाचं नाव मोठ्यानं वाचलं, मग ट्रेड, मग तारीख. शनिवारची. मग ते आईकडे वळले.

"हरकत?" त्यांनी विचारलं.

आईनं पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली दगडाची भुकटी झटकली आणि पिशवी स्वतःच उचलली.

"माझी नाही," ती म्हणाली. "त्याची आहे का, ते तुम्ही त्यालाच विचारा. भेटाल तेव्हा."